सॅक कोणी भरली होती?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देते. त्यातला ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड (डी ऑफ ई) म्हणजे तरुण मुलामुलींसाठीचा उपक्रम, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा चढत्या टप्प्यांचा. त्यात काही महिने समाजसेवा (व्हॉलंटियरिंग), खेळ-व्यायाम (फिजिकल) आणि एखादं कौशल्य (स्किल) करायचं, शिवाय गटानं तंबूत मुक्काम करत एक छोटी मोहीम (एक्सपिडिशन) पुरी करायची.

'मुलगी 15 वर्षांची, इयर टेनमध्ये. मागच्या वर्षी तिनं ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्डचं ब्राँझ हसतखेळत पूर्ण केलं. आता सिल्व्हर अडकलंय. चॅरिटी शॉपमधलं शनिवारचं काम सहा महिने झालं, बॅडमिंटनही सहा महिने झालं. स्किलसाठी गिटार घेतली, ती दोन महिन्यांत सुटली. मे महिन्यात सरावाची एक्सपिडिशन होती. काही कमी पडू नये म्हणून मी स्वतः सॅक भरून दिली: थालीपीठं, चिवडा, लाडू, दोन टॉवेल, जास्तीचे कपडे, छत्री. वजनकाट्यावर 15 किलो भरली. मुलगी 46 किलोची असली तरी काटक आहे. सगळा वेळ पाऊस, टाचांना फोड, त्यात रस्ता चुकला. घरी आली ती रडतच. सॅक गॅरेजमध्ये फेकली, ती अजून तिथेच पडलीय. "सगळ्या पुढे जात होत्या, माझ्यासाठी कोणी थांबत नव्हतं," एवढंच बोलली. पाच जणींचा गट आहे. सप्टेंबरमधल्या खऱ्या एक्सपिडिशनला ही जाणार नाही म्हणते. मिस्टर म्हणतात, युनिव्हर्सिटीच्या अर्जाला लागेल, सोडायचं नाही. सासूबाई सांगलीहून फोनवर म्हणतात, पोरीला रानात एकटं कशाला पाठवता? मला मात्र हातात घेतलेलं अर्धवट टाकलेलं बघवत नाही. ढकलू की सोडून देऊ? आणि गिटारचं काय? संगीत शिकवणारी एक मैत्रीण "सहा महिने शिकवलं" असं लिहून द्यायला तयार आहे. चालेल का?'

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सहीचा प्रश्न तुम्ही जाता जाता, दारात उभं राहून विचारावा तसा विचारलाय. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तो सगळ्यात लवकर निकालात निघतो.

सिल्व्हरला स्किल सहा महिने करावंच लागतं, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. ब्रिटनमधल्या नियमांप्रमाणे व्हॉलंटियरिंग 6 महिने, आणि फिजिकल व स्किल या दोहोंपैकी एक 6 महिने, दुसरं 3 महिने. कोणतं जास्त, कोणतं कमी, ते मुलांनी ठरवायचं. (ब्राँझ न करता थेट सिल्व्हरला आलेल्यांना एका भागात आणखी 6 महिने द्यावे लागतात. तुमच्या मुलीला तो नियम लागू नाही.) बॅडमिंटनचे सहा महिने झालेत, म्हणजे गिटारचे तीनच हवेत. दोन झाले. उरला एक, आठवड्याला सरासरी तासभर. चार-पाच तासांच्या सरावासाठी तुमची मैत्रीण सहा महिन्यांचं खोटं लिहून द्यायला निघाली होती!

तेव्हा मुलीला तिचं ऑनलाइन खातं उघडून बघायला सांगा. तिथे स्किलपुढे चुकून सहा महिने निवडलेले असतील तर शाळेतल्या डी ऑफ ई लीडरशी बोलून ते दुरुस्त करता येईल. गिटार मनातून उतरलीच असेल तर दुसरं काही घेता येईल का, हेही त्यांनाच विचारावं. स्वयंपाक चालतो, भाषा शिकणं चालतं. आजीला फोनवर मराठी वाचून दाखवण्याचा उपक्रम मी एका मुलाला सुचवला होता, तो त्यानं आनंदानं केला. फक्त एक अट: असेसर, म्हणजे काम तपासून रिपोर्ट लिहिणारा, घरातला माणूस असू शकत नाही. आजी, मामा, आत्या कितीही जाणकार असोत. त्या मुलाचं वाचन दर पंधरवड्याला मराठी शाळेतल्या बाई तपासत आणि रिपोर्टही त्यांनीच लिहिला.

आणि समजा, खरंच सहा महिने लागले असते तर? तरीही मैत्रिणीला नको म्हणा असंच मी सांगितलं असतं. तुमची मुलगी सहा महिने शनिवारी त्या दुकानात उभी राहिली. लोकांनी दिलेले कपडे निवडणं, वाफेच्या इस्त्रीनं सरळ करणं, फाटकी पुस्तकं वेगळी काढणं. हे काम पंधराव्या वर्षी कोणी हौसेनं करत नाही. त्याखाली दुकानाच्या मॅनेजरची खरी सही आहे. तिच्या शेजारी ही दुसरी सही बसेल आणि दोन्ही सह्यांतला फरक घरात फक्त तुमच्या मुलीला रोज दिसत राहील.

आता सॅक.

मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये शिकवत होते आणि उन्हाळ्यात मुलांच्या एक्सपिडिशनवर सुपरवायझर म्हणून जायचे. या कामात चालणं कमी, वाट बघणं फार. शेताच्या कुंपणापाशी थर्मास घेऊन बसायचं आणि नकाशाप्रमाणे अकराला दिसायला हवा असलेला गट एक वाजेपर्यंत का दिसत नाही, याची काळजी करायची. एकदा असाच एक गट दोन तास उशिरा आला. शेवटच्या मुलाची सॅक उघडली तर आतून तीन लिटरचा कुकर निघाला. 'आईनं दिलाय, खिचडीसाठी.' पोराचा चेहरा असा झाला होता की कुकरवर हसायचंही धाडस होईना. तंबूत रात्री बाकीचे नूडल्स शिजवत होते आणि हा कुकर सॅकच्या तळाला तसाच.

तुमच्या पत्रातले दोन आकडे तुम्ही वेगवेगळ्या वाक्यांत लिहिलेत. मी ते शेजारी शेजारी ठेवते. डी ऑफ ईचा सल्ला असतो की पाठीवरचं ओझं स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्श्याच्या वर जाऊ नये. 46 किलोचा पाव हिस्सा साडेअकरा. तुमच्या मुलीच्या पाठीवर होते 15. साडेतीन किलो जास्तीचं, आणि पावसात भिजल्यावर आणखी. ओझं वाढलं की पाऊल जड पडतं, मोजे ओले असले की टाच बुटात घासते, फोड येतात, फोड आले की चाल मंदावते. सगळ्या पुढे गेल्या आणि ती मागे राहिली, यात तिच्या जिद्दीचा किंवा काटकपणाचा काही संबंध नसेलही. तिला बहुधा वाटतंय की आपल्याला जमत नाही. जमलं नव्हतं ते साडेतीन किलोंमुळे, आणि हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, ते वाटू द्यावं, पण फार वेळ नको. आपल्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातात डबा दिला नाही तर निरोप पुरा होत नाही. मीही लेकाला हॉस्टेलवर सोडताना चकल्यांचा डबा जबरदस्तीनं कोंबला होता. पण या एक्सपिडिशनची मूळ अट अशी की गटानं आपलं सगळं आपण करायचं. मार्ग आपण आखायचा, तंबू आपण उभारायचा, जेवण आपण शिजवायचं, मोटारगाडीची मदत नाही, मोठं माणूस बरोबर चालत नाही. तुम्ही भरलेल्या सॅकमध्ये तुमचं प्रेम होतं, पण काय कुठे ठेवलंय हे तिला ठाऊक नव्हतं. पावसात रेनकोट सगळ्यात खाली आणि लाडू सगळ्यात वर, असं तर झालं नसेल?

'माझ्यासाठी कोणी थांबत नव्हतं' हे वाक्यही नुसतं ऐकून सोडू नका. पावसाबद्दल तिनं तक्रार केलेली नाही, डोंगराबद्दल नाही. तक्रार माणसांबद्दल आहे. मी पाहिलेल्या गटांपैकी जे मोडले, ते क्वचितच चढामुळे मोडले. नकाशा एकीच्याच हातात राहतो, रस्ता चुकला की तिच्यावर सगळ्या चिडतात, आणि सगळ्यात मागे चालणारीला कोणी काही विचारत नाही. तुमच्या मुलीच्या गटात नेमकं काय झालं, ते मला इथून कळणार नाही आणि तुम्हालाही गॅरेजमधल्या सॅककडे बघून कळणार नाही. विचारावं लागेल. पण 'का जात नाहीस?' असं विचारू नका, त्या प्रश्नाला पंधरा वर्षांचं माणूस 'नाही जायचं म्हणून' एवढंच उत्तर देतं. गाडीतून कुठे जाताना, ती पुढच्या सीटवर असताना, छोटे प्रश्न विचारा. तंबूत कोणाबरोबर होतीस? नकाशा कोण बघत होतं? शेतातल्या त्या टॉयलेटचं काय होतं? पाळी आली होती का? हा शेवटचा प्रश्न पुष्कळ घरांत राहूनच जातो आणि खरं कारण कधीकधी तिथेच दडलेलं असतं.

तुमच्या यजमानांच्या मुद्द्यावर मी जास्त वेळ घालवणार नाही. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सिटीचे अर्ज जिथून जातात त्या यूकासच्या गुणपद्धतीत डी ऑफ ईला एकही गुण नाही. 2026 च्या प्रवेशापासून अर्जातलं व्यक्तिगत निवेदनही तीन प्रश्नांत विभागलंय. अभ्यासाबाहेर काय केलंत आणि त्याचा या विषयासाठी काय उपयोग, असा त्यातला तिसरा प्रश्न. तिथे 'सिल्व्हर मिळालं' या दोन शब्दांनी काही साधत नाही. चॅरिटी शॉपमधल्या सहा महिन्यांत काय दिसलं, हे तिला चार ओळींत सांगता आलं तर त्याला वजन आहे, आणि ते सहा महिने तिच्याकडे आधीच जमा आहेत. गोल्ड झाल्यावर राजवाड्याच्या बागेत समारंभाला बोलावतात हे खरं, फोटोही छान येतात आणि सांगलीपर्यंत सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरतात. तो मोह मी समजू शकते.

सासूबाईंना मात्र नीट उत्तर द्या, त्यांची भीती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. 'एकटं' हा शब्द आधी दुरुस्त करा. गटात किमान चार जण असावेच लागतात, पायी जाणाऱ्या गटात जास्तीत जास्त सात. सुपरवायझर बरोबर चालत नाही, पण त्याच परिसरात असतो, ठरलेल्या ठिकाणी भेटतो, आणि गटाचा पूर्ण मार्ग वेळेसह त्याच्या हातात असतो. तंबूंची आणि रात्रीची व्यवस्था काय, हे शाळेला तुम्ही स्वतः विचारा आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं आजीला सांगा. नाहीतर दुसरा मार्ग आहे. नातीला आजीसमोर तिचा नकाशा उलगडायला लावा. 1:25,000 चा ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा, त्यात 4 सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, शेतातली कुंपणंसुद्धा दिसतात. व्हिडिओ कॉलवर अर्धा तास नकाशा पाहिलेली आजी माझ्या ओळखीत आहे. तिनं शेवटी विचारलं, 'इथे विहीर दाखवलीय, तिचं पाणी प्यायचं का?'

आता तुमचा मुख्य प्रश्न. 'हातात घेतलेलं अर्धवट टाकायचं नाही.' हे वाक्य मीही लहानपणी ऐकलंय, ताटातल्या भातापासून वहीतल्या शुद्धलेखनापर्यंत. पण एक विचारते. सिल्व्हर हातात कोणी घेतलं होतं? सॅक तुम्ही भरलीत, सहीचा मार्ग तुम्ही शोधताय, पत्रही तुम्हीच लिहिलंय. या सगळ्यात मुलीनं स्वतःहून केलेली गोष्ट एकच: 'मी जाणार नाही' असं ती म्हणाली. मला तर त्यात थोडा चांगलाच भाग दिसतो.

या अवॉर्डची घडणही बघा. कुर्ट हान नावाच्या जर्मन शिक्षकाला 1933 मध्ये नाझींनी अटक केली. सुटल्यावर तो ब्रिटनला आला आणि स्कॉटलंडमध्ये त्यानं गॉर्डनस्टन ही शाळा काढली. प्रिन्स फिलिप हे तिथले सुरुवातीचे विद्यार्थी. हानच्या कल्पनांवर त्यांनी 1956 मध्ये हा अवॉर्ड सुरू केला, तेव्हा पहिले संचालक झाले जॉन हंट, म्हणजे तीनच वर्षांपूर्वी तेनसिंग आणि हिलरी ज्या मोहिमेतून एव्हरेस्टवर पोचले तिचे नेते. त्या मोहिमेतली पहिली जोडी तेनसिंग-हिलरींची नव्हती. बुर्डिलॉन आणि इव्हान्स 26 मे 1953 ला दक्षिण शिखरापर्यंत गेले आणि माथा शंभरेक मीटर उरलेला असताना परत फिरले. त्याच दिवशी हंट आणि दा नामग्याल शेवटच्या कॅम्पसाठी सामान वर वाहून नेऊन, ते ठेवून खाली आले होते. तीन दिवसांनी दुसरी जोडी पोचली. परत फिरणं काय असतं हे चांगलं माहीत असलेल्या माणसानं या अवॉर्डची घडी बसवलीय, म्हणून असेल कदाचित, पण यात पहिला नंबर नाही, नापास नाही, आणि वयाच्या 25 व्या वाढदिवसापर्यंत मुदत आहे. सप्टेंबर ही शाळेची तारीख आहे, अवॉर्डची नव्हे.

म्हणजे वाटा दोनच नाहीत. सप्टेंबरला याच गटाबरोबर, हलक्या सॅकनं जाता येईल. मला हे सगळ्यात बरं वाटतं, पण गटाचं काय बिनसलं ते आधी कळलं तरच. शाळेत दुसरा गट असेल तर त्यात जागा मागता येईल. जीसीएसई (तिथली दहावीसारखी परीक्षा) संपल्यावर पुढच्या उन्हाळ्यातही जाता येईल. मान्यताप्राप्त संस्था बाहेरच्या मुलांसाठी एक्सपिडिशन आयोजित करतात, त्या स्वस्त नसतात एवढं लक्षात ठेवा. चालायचाच कंटाळा असेल तर सायकल, कनू, घोडा, असेही प्रकार आहेत, फक्त प्रकार बदलला की सरावही त्याच प्रकारात नव्यानं करावा लागतो. आणि सिल्व्हर सोडूनच दिलं तरी गोल्डचं दार बंद होत नाही. 16 व्या वर्षी थेट गोल्डला जाता येतं, एका भागात सहा महिने जास्तीचे द्यावे लागतात इतकंच.

सोडायचं ठरलं तर एका गोष्टीवर मात्र ठाम राहा. लीडरला आणि त्या चौघींना ते तिनं स्वतः सांगायचं, तेही सुट्टी लागण्याआधी. पाचातून एक गेली तर चार उरतात, त्यांचं अडत नाही. पण ऑगस्टमध्ये आणखी एक गळाली तर गटच उरत नाही, हे तिला माहीत असावं. तुम्ही शाळेला ईमेल पाठवून तिला यातून सोडवू नका. निघून जाण्यापेक्षा हे सांगणं तिला जड जाईल.

भारतात हाच कार्यक्रम इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल या नावानं काही शाळा-कॉलेजांत चालतो. तिथल्या पालकांनी वरचा तीन महिन्यांचा हिशेब आपल्याला लावू नये. आंतरराष्ट्रीय नियमांत सिल्व्हरचे सेवा, खेळ आणि कौशल्य हे तिन्ही भाग सहा-सहा महिन्यांचे असतात. बाकी एनएसएसचे वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचं शिबिर असो की स्काउटचं राज्य पुरस्काराचं पुस्तक असो, घरोघरी वही आईच भरत असते आणि शेवटच्या आठवड्यात सह्यांची पळापळ होते, हे मी दोन्ही देशांत पाहिलंय. तारखा मुलांच्या हातानं, त्या त्या आठवड्यात लिहिलेल्या असल्या तर निम्मा त्रास वाचतो.

ती जायला तयार झाली तर मधल्या वेळात तिला तुमच्याकडून थोडंच लागेल. बूट आत्तापासून रोज तासभर घालून फिरावं, मोजे ओले झाले की बदलावेत, टाच चुरचुरली की फोड यायच्या आधीच पट्टी लावावी. तंबू, स्टोव्ह, भांडी, इंधन पाच जणींत वाटून घ्यावं, हे गटानं बसून ठरवावं. सिल्व्हरला तीन दिवस, दोन रात्री, रोज किमान सात तासांचा कार्यक्रम असतो आणि त्यातला निम्मा तरी चालण्याचा. त्यामुळे खाणं वजनाला हलकं आणि पटकन शिजणारं हवं. थालीपिठाचा हट्ट असेल तर ती पहिल्या दुपारी खाऊन संपतील एवढीच, आणि तीही तिनं मागितली तर.

वजनकाटा गॅरेजमध्ये नेऊन ठेवा आणि तुम्ही घरात या. सॅक ती रिकामी करेल, परत भरेल, काहीतरी विसरेल. साडेअकराच्या आत आली की झालं. चिवडा न्यायचाच म्हणाली तर पिशवीत बांधून द्या, स्टीलचा डबा नको. आणि इंग्लंडच्या डोंगरावरच्या वाऱ्यात छत्री कोणी उघडत नाही, तेवढी तुम्हीच बाहेर काढून ठेवलीत तरी चालेल.